पाटी की कागद?

कागदाचे दिवस भरले, ही भविष्यवाणी आता पन्नाशीची झाली आहे. १९७५ साली 'बिझिनेस वीक' या अमेरिकन साप्ताहिकाने भविष्यकाळातील कचेरीचे चित्र रंगविले, तेव्हा त्यातील टेबलावर फायलींच्या जागी पडदा होता. पुढे पडदे आले. परंतु त्यांच्या पाठोपाठ टेबलाटेबलावर छपाईयंत्रेही आली आणि कागदाचा खप घटण्याऐवजी कित्येक वर्षे वाढतच राहिला. एवढ्यावरून भविष्यवाणी करणाऱ्यांची टर उडविण्याचा मोह, कागदावरच ज्याचे पोट आहे अशा वृत्तपत्रास व्हावा, हे साहजिकच होय. तो मोह आवरून, कागदाची जागा घेऊ पाहणाऱ्या एका वस्तूचा विचार आम्हांस आज करावयाचा आहे. ती वस्तू आता प्रयोगशाळेतील नवलाई उरलेली नाही; आणि तिच्यामुळे जो प्रश्न उभा राहतो तो यंत्रशास्त्राचा नसून वाचनालयांचा, शाळांचा आणि सरकारी राजपत्राचा आहे.

आपल्याकडे 'ई-पेपर' या शब्दाला छापील अंकाची मोबाईलवर दिसणारी प्रतिमा असा अर्थ चिकटला आहे. तो येथे अभिप्रेत नाही. मोबाईलचा वा संगणकाचा पडदा दिव्यासारखा स्वतः उजेड फेकतो आणि आपण त्या दिव्याकडे टक लावून वाचतो. इलेक्ट्रॉनिक कागद उजेड फेकत नाही. खोलीतला, अंगणातला, आकाशातला जो उजेड त्याच्यावर पडेल तोच तो परतवितो, अगदी पुस्तकाच्या पानाप्रमाणे. म्हणून भर दुपारी सोप्यावर बसून मोबाईल वाचू पाहणारा जेथे हाताचा आडोसा करतो, तेथे या पानावरील अक्षरे उलट अधिक ठसठशीत दिसतात.

या कल्पनेचा जन्म ज्या घरी झाला ते घर मोठे गमतीचे आहे. ज्या कंपनीच्या नावालाच आपण 'नक्कल' हा अर्थ देऊन टाकला, त्या झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात निक शेरिडन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात 'गायरिकॉन' नावाचा पडदा सिद्ध केला. अर्धी बाजू काळी आणि अर्धी पांढरी असलेले सूक्ष्म गोल मणी एका पारदर्शक तावात तेलाच्या पोकळ्यांत बसविलेले. विजेचा दाब दिला की मणी कूस बदलणार आणि काळे वा पांढरे तोंड वर येणार. कागदाच्या नकला काढून श्रीमंत झालेल्या कंपनीला कागदाच्या शत्रूचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. काम दीर्घकाळ बाजूस पडले. पुढे २००० साली त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, ती पाच वर्षांत बंदही झाली.

यश आले ते दुसऱ्या वाटेने. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत जोसेफ जेकबसन या प्राध्यापकाने बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट या पदवीपूर्व वर्गातील दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून इलेक्ट्रॉनिक शाई तयार केली. १९९७ साली 'ई इंक' ही कंपनी स्थापन झाली आणि १९९८ साली 'नेचर' नियतकालिकात शोधनिबंध आला. आज जी पाने दिसतात त्यांत केसाच्या जाडीएवढ्या लक्षावधी कुप्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारे दोन जातींचे कण: पांढरे कण धनभारित, काळे ऋणभारित. खालून विजेचा एक इशारा मिळाला की पांढरे वर येतात, उलट इशारा मिळाला की काळे. पांढऱ्या कणांचे द्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे घराच्या भिंतीला लावावयाच्या पांढऱ्या रंगात असते तेच. यातील खरी खुबी अशी की कण एकदा जागेवर बसले म्हणजे ते तेथेच राहतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना. पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याबरोबर दिवे घालविण्याची आपल्या वीजखात्याची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको.

दोषही आहेत. पान बदलावयास क्षणभर लागतो, चित्रपट त्यावर धडपणे चालत नाही, रंग अजून फिके आहेत आणि कित्येकदा मागच्या पानाची पुसट छाया पुढच्या पानावर रेंगाळते. ती घालविण्यासाठी यंत्र मधूनमधून सारे पान काळे करून पुन्हा पांढरे करते. ज्यांनी दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरविली असतील त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. ओला बोळा फिरविला तरी पहिल्या ओळीचा माग पाटीवर राहत असे. ही आठवण केवळ गंमत म्हणून आम्ही काढलेली नाही. इलेक्ट्रॉनिक कागद दिसतो कागदासारखा, पण त्याचा धर्म पाटीचा आहे. त्यावर उमटलेले पुसण्यासाठीच उमटलेले असते. पाटी ही वाईट वस्तू नव्हे. प्रश्न एवढाच की बोळा कोणाच्या हातात आहे.

प्रथम या वस्तूने कोठे बाजी मारली आणि कोठे हार खाल्ली ते पाहू. पुस्तकांच्या बाबतीत तिने बाजी मारली हे मान्य करावयास हवे. २००४ साली सोनी कंपनीने जपानात 'लिब्रिए' हे वाचनयंत्र आणले; २००७ च्या नोव्हेंबरात अमेझॉनचे 'किंडल' आले. त्या पहिल्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके आणि करड्या रंगाच्या अवघ्या चार छटा होत्या. २०१५ पर्यंत ठिपके ३०० वर गेले आणि छापील अक्षराशी तुलना करण्यात अतिशयोक्ती उरली नाही. दुकानातील किंमतपट्ट्यांच्या बाबतीत तर कागदाने शस्त्रे खालीच ठेवली म्हणावयाचे: वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसंस्थेने २०२६ पर्यंत आपल्या २,३०० दुकानांतील किंमतपट्ट्या इलेक्ट्रॉनिक करण्याचा संकल्प २०२४ साली जाहीर केला.

वृत्तपत्रांच्या बाबतीत मात्र हार झाली. बेल्जियममधील 'डे टाइड' या अर्थविषयक दैनिकाने २००६ साली दोनशे वर्गणीदारांच्या हाती इलेक्ट्रॉनिक कागदाची यंत्रे देऊन प्रयोग केला. २००९ साली अमेझॉनने खास मोठ्या पानाचे किंडल काढले आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखी दैनिके त्याच्याकडे आशेने पाहू लागली. २०१० च्या जानेवारीत 'क्यू' नावाच्या एका मोठ्या वाचनयंत्राची वाजतगाजत घोषणा झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टात ते बाजारात येण्यापूर्वीच गुंडाळण्यात आले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये अमेझॉनने किंडलवरील वृत्तपत्रांची वर्गणीच बंद केली. मोबाईल आणि रंगीत पडद्यांनी वाचक पळविला हे एक कारण झाले. दुसरे आमच्या मते असे की वृत्तपत्र हे मुळात पसरून पाहावयाचे असते. बाजारभाव पाहावयास गेलेली नजर शेजारच्या मृत्युवार्तेवर पडते. एकाच अंकाची पाने घरातली तीन माणसे वाटून घेतात. आणि दुसऱ्या दिवशी तोच अंक रद्दी म्हणून दोन पैसे परत देतो. सहा इंची पानाला यातले काहीच जमत नाही. आमचे हे मत स्वार्थापासून मुक्त आहे असा आमचा दावा नाही.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र स्वार्थाचा प्रश्न नाही, आणि तेथे मराठी वाचकाच्या लाभाची बाजू मोठी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांस नवे मराठी पुस्तक मिळविणे म्हणजे पुण्या-मुंबईस जाणाऱ्या आप्ताची वाट पाहणे, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. तेच पुस्तक रात्री दहा वाजता घरी बसल्या उतरविता यावे आणि मोतीबिंदूमुळे बारीक टाईप सोडून दिलेल्या वृद्धाने अक्षर हवे तेवढे मोठे करून ते वाचावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. आमच्या दमट किनाऱ्यावर कागदाचे आयुष्य तरी किती? वाळवी, कसर आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी गोव्यातील किती घरांतली किती बाडे खाल्ली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वृत्तपत्राचा कागद तर अल्पायुषीच; लाकडातील लिग्निन त्यात राहून गेल्यामुळे तो उजेडाने पिवळा पडतो आणि पन्नास वर्षांत घडीवर तुटू लागतो. कागद अमर आहे असे म्हणणाऱ्याने एकदा जुन्या अंकांची फाईल उलगडून पाहावी.

परंतु यंत्र येणे निराळे आणि त्यात आपली लिपी येणे निराळे, हा धडा गोव्याइतका जुना दुसऱ्या कोणाकडे नसेल. १५५६ साली ॲबिसिनियाला जावयाचे म्हणून निघालेले छपाईयंत्र गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात भारतातील मुद्रणाचा आरंभ झाला. तेथपासून साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपी मात्र रोमन! देशी अक्षरांचे खिळे पाडून मिळावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी आपल्या वरिष्ठांस कळविली होती. ती पुरी झाली नाही. मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले ते १८०५ साली, आणि तेही दूर बंगालात, विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात. या साऱ्या इतिहासाचा शोध आमच्याच प्रियोळकरांनी आपल्या १९५८ सालच्या ग्रंथात घेतला आहे.

इलेक्ट्रॉनिक कागदाने अडीचशे वर्षे घेतली नाहीत, ही कालमानाची कृपा. तरीसुद्धा किंडलचे मराठी दालन उघडले ते २०१६ च्या अखेरीस, म्हणजे मूळ यंत्रानंतर नऊ वर्षांनी. त्यातही अडचण केवळ जोडाक्षरांची नव्हती. मराठी प्रकाशकांकडे शेकडो पुस्तकांचा मजकूर ज्या जुन्या संगणकीय टंकांत जुळविलेला पडून आहे, ते टंक युनिकोडपूर्व आहेत. नव्या यंत्रात तो मजकूर जसाच्या तसा घातला तर ओळीच्या ओळी निरर्थक चिन्हांच्या होतात. तो पालटून घेऊन पुन्हा मुद्रिते तपासणे हे खर्चाचे काम आहे, आणि हजार-दोन हजार प्रती खपणाऱ्या पुस्तकांच्या प्रकाशकाने तो खर्च सोसावा तो कोणत्या आशेवर?

'क्रिस्तपुराणा'च्या कथेला आणखी एक शेवट आहे, आणि आमच्या विषयाशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हातांनी लिहून घेतलेल्या नकलांमुळे; त्या नकलांवरून जोसेफ सालदाना यांनी १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा छापला. त्या काळी छापखाना हे नवे यंत्र होते, आणि नव्या यंत्राने ग्रंथ राखला नाही. ज्याच्या त्याच्या घरी ज्याच्या त्याच्या मालकीची प्रत होती आणि तिची नक्कल करण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून तो राहिला.

आता हीच कसोटी किंडलला लावा. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील वाचकांनी पैसे मोजून घेतलेली काही पुस्तके त्यांच्या यंत्रांतून एकाएकी नाहीशी झाली. ज्याने ती विक्रीस ठेवली होती त्याच्याकडे प्रकाशनाचे हक्क नाहीत असे आढळल्यावरून अमेझॉनने ती दुरून पुसून टाकली व पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे त्यामुळे निराधार झाली. नाहीशी झालेली पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची, आणि त्यांत '१९८४' होते: ज्या कादंबरीत नको झालेले कागद भिंतीतल्या भोकातून भट्टीत टाकले जातात तीच! कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली, हे त्यांना शोभून दिसले. पण क्षमेने बोळा हातातून सुटत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा गिऱ्हाइकांनी घेतलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली. तेथेही पैसे परत मिळाले. सोनीच्या पहिल्या यंत्रावर तर पुस्तक साठ दिवसांनी आपोआप मिटत असे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय काढून घेतली. कॅलिफोर्निया राज्याला २०२४ साली असा कायदा करावा लागला की जेथे वस्तू न देता केवळ वापराचा परवाना दिला जातो, तेथे 'विकत घ्या' म्हणताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे वाचक ज्याला खरेदी समजत होता ते भाडे होते, हे कायद्यानेच कबूल केले.

कोणी म्हणेल की पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली? सत्ताधाऱ्यांच्या लेखी कागद ही किती अडचणीची वस्तू आहे याचा विसर पडला म्हणजे असे प्रश्न सुचतात. १९६० साली केंद्र सरकारने दैनिकांची किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड घालणारा हुकूम काढला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. १९७२ साली वृत्तपत्री कागदाच्या वाटपाचे धोरण आणि दहा पानांची मर्यादा यांचीही तीच गत झाली. कागदाच्या मुठीत वृत्तपत्रे धरून ठेवण्याचा यत्न आपण असा पाहिला आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी येताच दिल्लीतील छापखान्यांची वीज तोडली गेली, हेही पाहिले आहे. या सर्व उपायांनी न छापलेले छापण्याचे थांबविता येत असे. छापून घरोघर गेलेले परत आणता येत नसे. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात प्रत्येक ओळ छापण्यापूर्वी तपासनिसाच्या हाताखालून जात होती. तरीदेखील त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांची १९४४ सालची गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील पुस्तिका नष्ट करावयाची तर घरोघर झडत्या घ्याव्या लागल्या असत्या. आता झडतीची गरज नाही. एक कळ दाबली की पुरे, आणि ती कळ सरकारच्या हाती नसून परदेशी कंपनीच्या हाती आहे याने कोणाचे समाधान व्हावे असे आम्हांस वाटत नाही. सरकारला त्या कंपनीस नोटीस धाडता येतेच.

हे सारे कादंबऱ्यांपुरते असते तरी एक वेळ सोडून देता आले असते. केंद्र सरकारने २०१५ साली भारताच्या राजपत्राची छपाई बंद करून ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गोव्यात जमिनीचा तंटा सुरू झाला म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यापासून पोर्तुगीज काळातील नोंदीपर्यंतचे जे कागद पेटीच्या तळातून बाहेर निघतात, त्यांचे बळ कशात असते? ते जुने आहेत यात नव्हे. एकच मजकूर दोन परस्परविरोधी पक्षांच्या पेट्यांत आणि शिवाय कचेरीतही असतो, आणि कोणी एकाने खाडाखोड केली तर ती दुसऱ्यापुढे उघडी पडते, यात. राजपत्राची एकच प्रत एकाच संकेतस्थळावर असेल तर खाडाखोड ताडून पाहावयाची कशाशी? डिजिटल सहीचा उपाय आहे आणि तो चांगला आहे. परंतु सही तपासावयास मूळ पान तरी हाती असावे लागते.

यावर उपाय म्हणून यंत्रांवर बहिष्कार घाला असे सांगणारा वेडा ठरेल. उपाय कायद्यात आहे, आणि त्याचा पाया आपल्याकडे सात दशकांपूर्वी घातला गेला आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर आपल्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांस स्वखर्चाने देण्याचे बंधन घातले. १९५६ साली त्यात वृत्तपत्रांचीही भर पडली. मात्र त्या कायद्याने केलेली पुस्तकाची व्याख्या मुद्रित आणि शिळाछापाच्या ग्रंथांची आहे. जे पुस्तक केवळ किंडलवर प्रसिद्ध झाले ते त्या व्याख्येच्या दृष्टीने जन्मलेलेच नाही. ब्रिटनने २०१३ साली नियम करून तेथील ग्रंथालयांचा हा हक्क इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांपर्यंत वाढविला. आपल्या संसदेने तेच करावे, आणि अशी प्रत कुलूपबंद नसावी हेही त्यात लिहावे, अशी मागणी गोव्याच्या खासदारांनी करण्यास काही हरकत नाही.

राज्याच्या हाती जे आहे त्यासाठी दिल्लीकडे पाहावयासही नको. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा वारसा १८३२ पासूनचा आहे. त्या ग्रंथालयासाठी, तालुक्याच्या वाचनालयांसाठी वा शाळांसाठी सरकारी पैशाने इलेक्ट्रॉनिक पुस्तके घेण्याची वेळ येईल तेव्हा निविदेत एक कलम घालावे: पुस्तकाची प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असेल, ती विक्रेत्यास दुरून पुसता वा बदलता येणार नाही, आणि उद्या यंत्र बदलले तरी ती दुसऱ्या यंत्रावर नेता येईल. राज्याच्या राजपत्राच्या काही प्रती टिकाऊ कागदावर छापून पणजी व मडगाव येथे आणि पुराभिलेखागारात ठेवाव्या. त्यास खर्च तो कितीसा येणार? जो विक्रेता हे कलम मान्य करणार नाही त्याचे यंत्र कितीही सुबक असो, त्याची निविदा बाजूला ठेवावी.